सही झाली, अनुसमर्थनही झालं. आता कायदा कोण लिहिणार?

पर्यावरणाची माहिती, निर्णयातला सहभाग आणि न्याय हे हक्क देणाऱ्या आंतरराष्ट्रीय आरहूस कराराच्या ९व्या कलमात, चौथ्या पोटकलमात, एक छोटी अट आहे. पर्यावरणाच्या प्रश्नावर न्यायालयात दाद मागण्याचा खर्च माणसाला दारातूनच परत फिरवील इतका नसावा. ब्रिटनने या कराराचं अनुसमर्थन, म्हणजे सहीनंतरची अंतिम स्वीकृती, २००५ मध्ये केलं. इंग्लंडमधल्या रग्बी गावातल्या एका सिमेंट कारखान्याला मिळालेल्या परवान्याविरुद्धचा दावा त्या काळात पायरी पायरीने वरच्या न्यायालयांत चढत होता. २००८ मध्ये तो फेटाळला गेला, आणि शेवटपर्यंत लढलेल्या महिलेपुढे सरकारी पक्षाच्या खर्चाची दोन बिलं आली. बेरीज ८८,१०० पौंड.

करार मान्य, वाक्य स्पष्ट, तरी बिल आलंच. कारण देशातल्या दिवाणी प्रक्रियेच्या नियमांत ‘हरेल त्याने दोन्ही बाजूंचा खर्च द्यावा’ असंच होतं, आणि बिल तपासणारा अधिकारी करार उघडत नाही, नियमांचं पुस्तक उघडतो. ब्रिटन तेव्हा युरोपीय संघात होता, म्हणून प्रकरण संघाच्या, म्हणजे युरोपीय न्यायालयात गेलं. त्याने २०१३ मध्ये सांगितलं की खर्च त्या व्यक्तीच्या ऐपतीबाहेरचा नसावा आणि कुणाही तटस्थ माणसाला अवाजवी वाटेल असाही नसावा. अखेर ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने २५,००० पौंडांवर हिशेब मिटवला. नियमांचं पुस्तकही त्याच वर्षी एप्रिलमध्ये बदललं. आता व्यक्ती हरली तर तिच्यावर ५,००० पौंडांपर्यंत बोजा, संस्था हरली तर १०,००० पर्यंत, आणि सरकारी पक्ष हरला तर त्याच्याकडून वसूल होणारा खर्च ३५,००० पर्यंत. २०१७ पासून न्यायालयाला या मर्यादा कमीजास्त करता येतात, म्हणजे त्या आकड्याची खात्री पुन्हा थोडी पातळ झाली. ते असो.

आंतरराष्ट्रीय पर्यावरण हक्क देशाच्या कायद्यात उतरवणं म्हणजे बव्हंशी हेच काम आहे. करारातल्या विशेषणाचा नियमात आकडा करायचा. ‘पक्षदेशांनी पाहावे’ याचं ‘अमुक अधिकाऱ्याने इतक्या दिवसांत केले पाहिजे’ असं करायचं. सही समारंभाचे फोटो छापून येतात, या कामाचे येत नाहीत.

कोणते करार, कोणते हक्क

या विषयात बंधनकारक असे दोन मुख्य करार आहेत. पहिला आरहूस: संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाखाली २५ जून १९९८ रोजी डेन्मार्कमधल्या आरहूस शहरात सह्या झाल्या, ३० ऑक्टोबर २००१ पासून अंमल सुरू. दुसरा एस्काझू: लॅटिन अमेरिका आणि कॅरिबियन देशांचा, ४ मार्च २०१८ रोजी कोस्टा रिकातल्या एस्काझू इथे स्वीकारलेला, २२ एप्रिल २०२१ पासून अमलात. दोघांचं मूळ १९९२ च्या रिओ जाहीरनाम्यातल्या दहाव्या तत्त्वात आहे.

हक्क तीन: पर्यावरणाची माहिती मिळणं, निर्णय होण्याआधी म्हणणं मांडता येणं, आणि पहिले दोन नाकारले गेले किंवा पर्यावरणाचा कायदाच मोडला गेला तर न्याय मागता येणं. एस्काझूने चौथी गोष्ट ठळक केली: पर्यावरणासाठी लढणाऱ्या माणसांचं संरक्षण.

संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने २८ जुलै २०२२ रोजी स्वच्छ, निरोगी आणि शाश्वत पर्यावरणाचा मानवी हक्क मान्य करणारा ठराव १६१ विरुद्ध ० मतांनी केला. ८ देश तटस्थ राहिले. तो ठराव आहे, करार नाही. त्याचं अनुसमर्थन होत नाही आणि तो मोडल्याची तक्रारही कुठे दाखल होत नाही. वकिलाला युक्तिवादात त्याचा आधार घेता येतो, पण अर्ज किती दिवसांत निकाली काढायचा ते त्यात सापडणार नाही.

सही, अनुसमर्थन आणि कायदा

सही म्हणजे ‘आम्ही या वाटेने जाणार आहोत’ एवढंच. करारांच्या कायद्याविषयीच्या १९६९ च्या व्हिएन्ना कराराप्रमाणे सही केल्यावर कराराचा हेतूच हाणून पाडणारं काही करायचं नाही, इतकं बंधन येतं. अनुसमर्थनानंतर देश पूर्ण बांधला जातो, आणि व्हिएन्ना कराराचं २७वं कलम सांगतं की ‘आमच्या देशातला कायदा आड येतो’ ही सबब चालत नाही. पण हे बंधन देशावर, इतर देशांच्या संदर्भात. तुमच्या गावाजवळच्या खाणीची कागदपत्रं मागताना खिडकीपलीकडच्या कारकुनावर ते आपोआप येतंच असं नाही.

ते येतं की नाही हे देशाच्या राज्यघटनेवर ठरतं. अभ्यासक इथे द्वैत आणि अद्वैत असे शब्द वापरतात. वेदान्ताशी संबंध नाही, पण भांडणं तितकीच जुनी. द्वैती देशांत करार आणि देशाचा कायदा ही दोन वेगळी घरं. आयर्लंडच्या घटनेचा अनुच्छेद २९.६ सरळ म्हणतो की संसद ठरवील तेवढाच आंतरराष्ट्रीय करार देशाच्या कायद्याचा भाग होईल. म्हणून आयर्लंडने आधी कायदे केले, नियम केले आणि मग अनुसमर्थन केलं. १९९८ ची सही, २०१२ चं अनुसमर्थन. मध्ये चौदा वर्षं.

अद्वैती देशांत अनुसमर्थन होऊन करार प्रसिद्ध झाला की तो कायद्याचा भाग. नेदरलँड्सच्या घटनेचे अनुच्छेद ९३ आणि ९४ तर सर्वांना बांधणाऱ्या तरतुदींना देशातल्या कायद्याच्याही वर बसवतात. मग अशा देशांत काम सोपं असेल, असं वाटतं. प्रत्यक्षात तिथेच फसगत जास्त होते. न्यायाधीश प्रत्येक तरतुदीला विचारतो: तू स्वतःच्या पायावर उभी आहेस का? ‘एक महिन्याच्या आत माहिती द्यावी’ ही तरतूद उभी राहते, कारण न्यायाधीशाला आणखी काही लागत नाही. ‘पक्षदेश योग्य त्या चौकटीत प्रोत्साहन देतील’ ही उभी राहत नाही. फ्रान्समध्ये आरहूसच्या सहाव्या, म्हणजे लोकसहभागाच्या कलमाचंच असं झालं. तिथल्या सर्वोच्च प्रशासकीय न्यायालयाने त्यातली काही पोटकलमं थेट लागू धरली, काही धरली नाहीत. अर्ध कलम चालू, अर्ध बंद. कुठलं चालू ते कळायला मात्र दर वेळी कुणीतरी खटला लढवायचा.

मधला मार्ग कोलंबियाचा. तिथे करार मंजूर करणारा कायदा संसदेने केला तरी अनुसमर्थनाआधी तो घटना न्यायालयाने तपासावाच लागतो. एस्काझूवर सही डिसेंबर २०१९ मध्ये, मंजुरीचा कायदा नोव्हेंबर २०२२ मध्ये, घटना न्यायालयाचा हिरवा कंदील ऑगस्ट २०२४ मध्ये. वेळ लागला, पण घटनेशी विसंगतीचा प्रश्न आधीच निकालात निघाला. आणि ज्या देशाच्या गावाचं नाव कराराला मिळालं त्या कोस्टा रिकाच्या संसदेत अनुसमर्थनाचं विधेयक २०२३ मध्ये मुदत संपून दप्तरी दाखल झालं. चिलीने वाटाघाटींत पुढाकार घेतला, २०२० मध्ये सही करायला नकार दिला आणि सरकार बदलल्यावर २०२२ मध्ये करारात प्रवेश केला.

तिसरी वाट न्यायालयाची. भारत या दोन्ही प्रादेशिक करारांत नाही, पण १९९६ च्या वेल्लोर खटल्यात, तमिळनाडूतल्या चामडं कमावणाऱ्या कारखान्यांच्या प्रदूषणावर निकाल देताना, सर्वोच्च न्यायालयाने सावधगिरीचं तत्त्व (हानीचा पक्का पुरावा नसला तरी आधीच उपाय करावेत) आणि ‘प्रदूषण करील त्याने भरावे’ हे तत्त्व देशाच्या कायद्याचा भाग असल्याचं सांगितलं. संसदेने वेगळा कायदा केला नसताना आंतरराष्ट्रीय तत्त्व असं आत आलं. या वाटेची मर्यादाही तिथेच कळते. न्यायालय तत्त्व देऊ शकतं. फीचा तक्ता, अर्जाचा नमुना, खंडपीठं, मंजूर पदं देऊ शकत नाही. त्यासाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचा २०१० चा कायदा संसदेलाच करावा लागला, आणि त्याच्या प्रास्ताविकात १९७२ ची स्टॉकहोम परिषद आणि १९९२ ची रिओ परिषद यांचा उल्लेख आहे.

करार मोडून तक्ता करणं

कायदा लिहायला बसण्याआधी कराराचे तुकडे करायचे. कलमांचे नव्हे, कर्तव्यांचे. एका पोटकलमात तीन कर्तव्यं असू शकतात: माहिती मुदतीत देणं, नाकारली तर लेखी कारण देणं, आणि पुढे अपील कुठे करायचं ते सांगणं. तीन कर्तव्यं, तीन ओळी. तक्त्याला सहा रकाने पुरतात: कराराचं मूळ वाक्य; कर्तव्य कोणाचं; सध्याची तरतूद कलम क्रमांकासह; दोन्हींतला फरक; दुरुस्ती कुठे करायची; आणि त्याला माणसं व पैसे किती.

‘सध्याची तरतूद’ हा रकाना सगळ्यात जास्त खोटं बोलतो. खात्याचा माणूस तिथे ‘विद्यमान कायद्यात समाविष्ट’ असं लिहून मोकळा होतो. एक ओळ जवळून पाहू. करार म्हणतो की माहिती मागणाऱ्याला ‘तुझा काय संबंध’ असं विचारायचं नाही. देशाचा माहितीचा कायदा तपासला. त्यात संबंध विचारा असं कुठेही नाही. समाविष्ट? मग खात्याचा छापील अर्ज मागवून पाहायचा. त्यात पाचवा रकाना ‘माहिती कशासाठी हवी’, शेजारी तारा, म्हणजे भरलाच पाहिजे. ऑनलाइन अर्ज तर तो रकाना रिकामा ठेवला तर पुढे सरकतच नाही. कायदा निर्दोष, हक्क मात्र अर्जाच्या नमुन्यात अडकलेला. म्हणून कायद्याबरोबर नियम, परिपत्रकं, अर्जाचे नमुने, फीचे तक्ते आणि संकेतस्थळावरचे फॉर्म, सगळं टेबलावर घ्यायचं.

मग ओळींचे ढीग करायचे. काही ठिकाणी खरंच काही करायची गरज नसते. काही कामं परिपत्रकाने किंवा नमुना बदलून होतात; ती अनुसमर्थनाची वाट न पाहता उरकावीत. काहींना नियमांत बदल लागतो आणि काहींना संसदेत दुरुस्ती. शेवटचा ढीग छोटा असतो पण सगळ्यांना छळतो: दुसऱ्या खात्यांचे कायदे. शासकीय गुपितांचा कायदा, खाण आणि वीज कायदे, न्यायालयीन फीचा कायदा, मुदतीचा कायदा, दिवाणी प्रक्रिया. पर्यावरण खात्याने कितीही चांगलं विधेयक आणलं तरी वीज कायद्यात ‘इतर कोणत्याही कायद्यात काहीही असले तरी’ अशी सुरुवात असलेलं गोपनीयतेचं कलम असेल, तर त्या दोघांतलं कुठलं वरचढ यावरच पहिला खटला होतो. उत्तर विधेयकातच हवं. विधी, वित्त आणि स्थानिक स्वराज्य ही खाती पहिल्या बैठकीपासून बसवायची, कारण शेवटच्या बैठकीला बोलावलं तर ती फक्त हरकती घेऊन येतात.

यातून सुटायला एक आखूड वाट वापरली जाते. एका ओळीचा कायदा, ‘या कराराला देशात कायद्याचे बल राहील’, आणि करार परिशिष्टात जोडलेला. दिसायला पूर्ण. पण कराराचा मसुदा अनेक सरकारांनी एकमेकांना जागा सोडत लिहिलेला असतो. त्यात ‘असल्यास राष्ट्रीय कायद्यातील निकषांनुसार’, ‘योग्य तेथे’, ‘शक्य तितके’ असे दरवाजे मुद्दाम उघडे ठेवलेले असतात, ते देशांनी आपापल्या कायद्यात बंद करावेत म्हणून. करार जसाच्या तसा चिकटवला की दरवाजे उघडेच राहतात आणि वारा नेहमी अर्ज नाकारणाऱ्याच्या बाजूने वाहतो. एस्काझूच्या बाबतीत आणखी एक लक्षात ठेवायचं: २३व्या कलमामुळे त्यावर कोणतीही राखीव अट घालता येत नाही. ‘हे कलम सोडून बाकी मान्य’ असं म्हणायची सोय नाही, तेव्हा अडचणीची ओळ तक्त्यात आधीच दिसलेली बरी.

माहितीचं कलम, शब्द मोजून

समजा मसुद्यात असं कलम आलं:

‘कोणत्याही नागरिकाने योग्य कारण नमूद करून अर्ज केल्यास शासकीय विभाग त्यास पर्यावरणविषयक उपलब्ध माहिती वाजवी मुदतीत देऊ शकेल, मात्र व्यापारी गुपित असलेली माहिती देता येणार नाही.’

वाचायला गोड आहे, आणि जवळजवळ प्रत्येक शब्द कराराच्या विरुद्ध आहे. ‘नागरिक’: आरहूस नागरिकत्व, राष्ट्रीयत्व किंवा निवास यांवरून भेद करू देत नाही, आणि नदी तर सीमा ओळखतच नाही, खालच्या देशातल्या माणसालाही वरच्या कारखान्याची माहिती मागता आली पाहिजे. ‘योग्य कारण’: वर आलंच. ‘उपलब्ध’: मोजमापाची कागदपत्रं सल्लागार कंपनीकडे ठेवली की खातं हात झटकू शकतं. ‘वाजवी मुदत’: आरहूसमध्ये एक महिना, गुंतागुंत असेल तर एकूण दोन, एस्काझूमध्ये जास्तीत जास्त तीस कामाचे दिवस, वाढवले तर आणखी दहा. ब्रिटनच्या २००४ च्या नियमांनी त्याहून आत येऊन वीस कामाचे दिवस ठेवले. करार किमान सांगतो. त्याहून चांगलं करायला मनाई नाही. ‘देऊ शकेल’: हा शब्द हक्काची मेहेरबानी करतो.

‘शासकीय विभाग’ या शब्दाने तर ब्रिटनमध्ये अनेक वर्षं घेतली. पाणीपुरवठा आणि सांडपाण्याच्या कंपन्या खाजगी झालेल्या. त्या म्हणत, आम्ही सरकार नाही, आम्ही माहिती का द्यावी? डिसेंबर २०१३ मध्ये युरोपीय न्यायालयाने कसोटी दिली: सार्वजनिक सेवा देण्यासाठी त्या संस्थेला सामान्य खाजगी कंपनीला नसतात असे खास अधिकार कायद्याने दिले आहेत का? असतील, तर ती सार्वजनिक प्राधिकरण. जमीन सक्तीने घेणं किंवा खाजगी जमिनीतून वाहिनी नेणं, असे अधिकार. जिथे पाणी, वीज, कचरा आणि बंदरं कंत्राटावर किंवा खाजगी हातात आहेत, तिथे ही व्याख्या मसुद्यातच नीट लिहिली नाही तर सांडपाणी सोडणाराच कायद्याबाहेर राहतो.

राहिलं व्यापारी गुपित. गुपिताला संरक्षण आहे, पण पर्यावरणाच्या रक्षणाशी संबंधित उत्सर्जनाची माहिती आरहूसप्रमाणे उघड करावीच लागते. धुराड्यातून किंवा नळीतून बाहेर पडलेली गोष्ट आता सगळ्यांच्या हवेत आणि पाण्यात आहे. ती गुप्त कशी राहील? दुरुस्त कलम साधारण असं होईल:

‘कोणत्याही व्यक्तीने किंवा संस्थेने अर्ज केल्यास, तिला कारण न विचारता, सार्वजनिक प्राधिकरणाने आपल्याजवळ असलेली किंवा आपल्या वतीने इतरांनी ठेवलेली पर्यावरणविषयक माहिती अर्ज मिळाल्यापासून एक महिन्याच्या आत दिली पाहिजे. माहितीच्या व्याप्तीमुळे वा गुंतागुंतीमुळे ते शक्य नसल्यास, कारण लेखी कळवून ही मुदत अर्ज मिळाल्यापासून दोन महिन्यांपर्यंत वाढवता येईल. व्यापारी गुप्ततेचे कारण पर्यावरणात सोडल्या जाणाऱ्या घटकांविषयीच्या माहितीस लागू होणार नाही.’

याला ‘पर्यावरणविषयक माहिती’ आणि ‘सार्वजनिक प्राधिकरण’ या दोन व्याख्या जोडायच्या. पहिल्या व्याख्येत हवा, पाणी, माती, जैवविविधता यांच्यासोबत आवाज, किरणोत्सर्ग, धोरणं आणि प्रकल्पाच्या नफा-तोट्याचं गणितसुद्धा येतं. ते गणितच बरेचदा हवं असतं.

सुनावणी कधी घ्यायची

सहभागाच्या तरतुदींत एक शब्द सोडला तर बाकी सगळं निरर्थक होतं, तो म्हणजे ‘लवकर’. सर्व पर्याय खुले असताना लोकांना बोलवा, असं आरहूसचं सहावं कलम म्हणतं. देशांचे कायदे मात्र सुनावणी परवान्याच्या टप्प्याला जोडतात. तोवर जागा ठरलेली, जमीन घेतलेली, कर्ज मंजूर झालेलं. सुनावणी होते, नोंदी होतात, आणि चर्चा धुराड्याच्या उंचीवर येऊन थांबते. प्रकल्प हवा की नको, इथे की तिथे, हे प्रश्न मागच्याच खोलीत सुटलेले. म्हणून जागा निवडण्याच्या आणि आराखड्याच्या टप्प्यावरच पहिला सहभाग ठेवायचा. आराखड्यांसाठी करारात स्वतंत्र सातवं कलम आहे, आणि तेच अनेकदा विसरलं जातं.

मुदत दिवसांत लिहायची आणि ती कुठून मोजायची तेही लिहायचं. सूचना राजपत्रात छापली त्या तारखेपासून मोजली तर निम्मे दिवस अहवाल हातात यायच्या आत संपतात. ‘पूर्ण अहवाल सर्वांना पाहता येईल त्या दिवसापासून’ असे शब्द हवेत. थेट बाधित लोक राजभाषेहून वेगळी भाषा बोलत असतील तर त्यांना समजेल आणि भाग घेता येईल अशी सोय एस्काझू मागतो. याचा अर्थ किमान सारांशाचं भाषांतर आणि सुनावणीत दुभाषा, आणि त्याचा खर्च कोण देणार हे नियमात.

लोकांच्या म्हणण्याची ‘योग्य दखल’ घ्यावी, असं करारात आहे. ती घेतली की नाही हे तपासायचा एकच मार्ग आहे: निर्णयासोबत उत्तरांचं टिपण बंधनकारक करणं. एकेक हरकत, तिच्यासमोर मान्य की अमान्य, आणि का. टिपण नसेल तर परवाना अवैध, इतकं स्पष्ट लिहिलं तरच ते लिहिलं जातं.

न्यायालयाचं दार

पहिले दोन हक्क युरोपीय संघाने २००३ च्या दोन निर्देशांनी सदस्य देशांत उतरवले. तिसऱ्यासाठी, न्याय मागण्यासाठी, संघाच्या युरोपीय आयोगाने त्याच वर्षी निर्देश प्रस्तावित केला. तो अकरा वर्षं पडून राहिला आणि २०१४ मध्ये मागे घेतला गेला. माहिती द्यायला सरकारं तयार होतात. आपल्यावर दावा कोण करू शकेल याची यादी वाढवायला नाखूश असतात.

म्हणून ‘दावा कुणी करायचा’ हे कलम सगळ्यात काळजीने वाचायचं. जर्मनीने २००६ मध्ये पर्यावरण संस्थांना दाव्याचा हक्क देणारा कायदा केला, पण अट घातली: ज्या नियमाने एखाद्या व्यक्तीला हक्क मिळतो तो मोडला असेल तरच. आता निसर्ग संरक्षणाचा नियम कुणा एका माणसाला हक्क देत नाही. तो पक्ष्यांसाठी, पाणथळ जागांसाठी असतो. म्हणजे लुनेन या जर्मन शहरातल्या कोळशावरच्या वीज केंद्राने शेजारच्या संरक्षित क्षेत्राचे नियम मोडले, असा आक्षेप घेऊन कुणीच न्यायालयात जाऊ शकत नव्हतं. १२ मे २०११ च्या निकालात युरोपीय न्यायालयाने ही अट बाजूला काढली. एका विशेषणाने अख्खा हक्क कसा रिकामा होतो, याचं याहून चांगलं उदाहरण नाही.

त्याच वर्षी स्लोव्हाकियातल्या तपकिरी अस्वलांचा खटला निकाली निघाला. संरक्षित अस्वलांबाबत सवलत देण्याच्या प्रक्रियेत एका संस्थेला पक्षकार व्हायचं होतं. युरोपीय न्यायालय म्हणालं, नवव्या कलमाचं तिसरं पोटकलम थेट लागू होत नाही, कारण त्यात ‘राष्ट्रीय कायद्यात निकष असल्यास’ असा दरवाजा आहे. पण देशातल्या न्यायालयांनी आपले प्रक्रिया नियम शक्य तितके या पोटकलमाच्या दिशेने वाचावेत. मसुदा लिहिणाऱ्याने यातून घ्यायचं ते एवढंच: निकष स्वतः लिहा आणि सैल लिहा. नोंदणी, उद्दिष्ट, फार तर कामाची थोडी वर्षं. सभासदसंख्येची मोठी अट घातली तर देशात एकदोन संस्थाच पात्र ठरतात.

खर्चाचं सुरुवातीला आलं. त्याच्या शेजारी बसणारी दुसरी अडचण स्थगितीची. दावा चालू असताना काम थांबवायचं तर न्यायालय कधी कधी हमी मागतं, की दावा हरलात तर विकासकाचं नुकसान भरून द्या. मोठ्या प्रकल्पात ही रक्कम ऐकूनच अर्ज मागे घेतला जातो, आणि निकाल लागेपर्यंत डोंगर राहत नाही. कायद्यात लिहावं लागतं की पर्यावरणाची भरून न येणारी हानी दिसत असेल तर हमीशिवाय किंवा मर्यादित हमीवर स्थगिती देता येईल. पुराव्याचंही तसंच. विहिरीतलं पाणी कशाने बिघडलं हे सिद्ध करायला लागणारी मोजमापं कारखान्याच्याच कपाटात असतात. एस्काझूचं आठवं कलम पुराव्याचं ओझं योग्य तेथे उलटं करायला, किंवा ज्याला पुरावा देणं सोपं त्याच्यावर टाकायला सुचवतं. ‘योग्य तेथे’ म्हणजे कुठे, हे पुन्हा कायद्यानेच सांगायचं.

लढणाऱ्यांच्या संरक्षणाविषयी: एस्काझूचं नववं कलम सुरक्षित वातावरणाची हमी मागतं आणि आरहूस छळाला मनाई करतो. घोषणेच्या भाषेत हे कलम उतरवून भागत नाही. बदनामीचे, अतिक्रमणाचे, जमावबंदीचे कोणते कायदे आंदोलकांवर वापरले जातात ते शोधून तिथे दुरुस्ती लागते. नुसता दमात घेण्यासाठी केलेला दावा सुरुवातीलाच फेटाळण्याची सोय हवी; युरोपीय संघाने त्यासाठी २०२४ मध्ये वेगळा निर्देश काढला आणि देशांना मे २०२६ पर्यंत मुदत दिली.

अंमल सुरू होतो त्या आठवड्यात

विधेयकासोबतच नियम, नमुने आणि पदांची मंजुरी तयार नसेल तर कायदा राजपत्रात राहतो. कायदा लागू होण्याची तारीख ‘शासन अधिसूचनेद्वारे ठरवील त्या दिवशी’ अशी मोकळी सोडू नये. बाहेरची शेवटची तारीख कलमातच घालावी. आणि देशात दाद मिळाली नाही तर पुढची जागा कोणती हे लोकांना माहीत असावं. आरहूसच्या पालन समितीकडे सामान्य माणूस किंवा संस्था थेट तक्रार करू शकते. तिचा निकाल न्यायालयाच्या हुकुमासारखा नसतो, पण रेटा असतो. संस्थांना युरोपीय संघाच्या न्यायालयांत दाद मागता येत नाही, अशी तक्रार २००८ मध्ये खुद्द संघाविरुद्ध गेली. समितीने २०१७ मध्ये संघाला दोषी धरलं, संघाने त्याच वर्षीच्या पक्षदेशांच्या बैठकीत तो निष्कर्ष मान्य होऊ दिला नाही, आणि अखेर २०२१ मध्ये स्वतःचा नियम बदलला. तेरा वर्षं. एस्काझूची अशी समिती २०२३ मध्ये निवडली गेली.

मसुद्याच्या अगदी शेवटच्या पानावर, लक्ष उडालेलं असताना, एक संक्रमणाचं कलम येतं: ‘या अधिनियमापूर्वी दाखल झालेल्या अर्जांना जुन्या तरतुदी लागू राहतील.’ निरुपद्रवी दिसतं. पण विधेयक मंजूर होणं आणि कायदा लागू होणं यांच्यामधल्या महिन्यांत अर्धवट कागदपत्रांचे अर्ज घाईघाईने दाखल करायला ही उघड सूट आहे, आणि दहा वर्षं चालणारे प्रकल्प जुन्याच नियमांवर पुढे जातात. तिथे ‘परिपूर्ण अर्ज’ असा शब्द घालायचा, विधेयक मांडल्याची तारीख मर्यादा म्हणून धरायची, आणि जुन्या अर्जांनासुद्धा माहिती व दाद मागण्याच्या तरतुदी पहिल्या दिवसापासून लागू करायच्या.